वळिवडे छावणी

दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानात वसविलेली निर्वासितांची वसाहत (१९४३–४८). ती कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील वळिवडे गावाजवळ होती. सुमारे ५,००० लोक तेथे राहत.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून तेथील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबीरिया, कझाकस्तान व उत्तर रशियातील जंगलांत नेण्यात आली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर मॉस्को आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार यांच्यात करार झाला; त्यामुळे सुटलेल्या पोलिश कैद्यांतून जनरल अँडर्स यांची सेना उभी राहिली. १९४२ मध्ये ही सेना इराणला निघाली आणि तिच्याबरोबर हजारो बायकामुले कॅस्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरली. पुरुष पुढे आघाडीवर गेले. वळिवड्यात बायकामुलेच अधिक का होती, याचे उत्तर येथे आहे.

पहलवीच्या किनाऱ्यावर उवा आणि टायफस यांच्या भीतीने आल्या आल्या अंगावरचे कपडे जाळले जात व डोक्यावरचे केस उतरवले जात. दीर्घ उपासमारीने खंगलेल्या लोकांपुढे चरबीयुक्त मटण आले; ते अनेकांना सोसले नाही व काही दगावले. मदत करणाऱ्यांची माया खरी होती, पण उपाशी देहाला सुरुवातीला हलके अन्न, तेही थोडे थोडे द्यावे लागते. आपत्कालीन मदतीत माणुसकीइतकेच हे ज्ञानही लागते.

भारतात आलेला मुलांचा पहिला गट १९४२ मध्ये काही काळ मुंबईत वांद्र्याला राहिला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी या मुलांना जामनगरजवळ बालाचडी येथे आसरा दिला. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी मदतकार्याचा मोठा भार उचलला. इराणमधून आणायच्या कुटुंबांसाठी मात्र मोठी जागा हवी होती, ती वळिवड्यास मिळाली. खर्चाची जबाबदारी लंडनमधील पोलिश सरकारकडे होती.

छावणीत लांबच लांब बराकी होत्या: तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी. प्रत्येक कुटुंबाला राहायला स्वतंत्र जागा आणि स्वतःची चूल होती. मासिक भत्ता मिळे, त्यातून बाजारहाट करून बाया आपापल्या घरी रांधत. वळिवड्याचे वेगळेपण या चुलीत होते असे म्हणावे लागते. लंगरापुढे ताटली धरून वर्षे काढण्यापेक्षा आईने केलेले सूप आपल्या ओट्यावर बसून पिणे मुलांना घर परत देणारे होते. चर्च, दवाखाना, नाट्यगृह, बालवीर पथके आणि प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंतच्या शाळा तेथे होत्या. शिक्षण पोलिश भाषेत चाले. सायबीरियात ज्यांची शाळा बुडाली, त्या मुलामुलींनी आपले शिक्षण येथे पुढे नेले. आजच्या छावण्यांतही धान्याची पोती आधी आणि शाळा सवडीने, असा क्रम लावला जातो. वळिवड्याने तो चुकीचा ठरवला.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा आधारच डळमळला. पूर्व पोलंड सोव्हिएट संघाकडे गेल्याने बहुतेकांना परतायला गावच उरले नव्हते. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही पोलंडला परतली, काही ऑस्ट्रेलियादी देशांत पांगली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या सिंधी कुटुंबांना याच जागेत वसविण्यात आले. ती वस्ती म्हणजे आजचे गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. छावणीत वाढलेली मुले म्हातारपणी कोल्हापूरला भेट देत राहिली. कोल्हापुरात काही पोलिश कबरी आहेत आणि महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सामध्येही या छावणीचे स्मारक उभारले असून, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.