दगडफूल, शैवाक आणि नव्या जातीचे नामकरण

लालबागच्या मसाल्याच्या बाजारात 'दगडफूल' मागितले असता करड्या, चुरगळलेल्या पापुद्र्यांचा जो जिन्नस पुडीत बांधून मिळतो, तो बहुधा दगडावर उगवलेला नसतो, आणि फूल तर नसतोच. पुष्कळदा तो हिमालयाच्या उतारांवरील वृक्षांच्या सालीवरून काढलेला असून त्यात पार्मोट्रेमा, एव्हर्निआस्ट्रम (हिचा समावेश आता हायपोट्रॅकिनात करतात) अशा निरनिराळ्या प्रजातींची सरमिसळ असते. गोड्या मसाल्याचे त्यावाचून काही अडत नाही. वर्गीकरणाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास मात्र हे नाव विचारात पाडणारे आहे.

नाव जुने आहे. अमरकोशात 'शैलेय' याचा पर्याय म्हणून 'अश्मपुष्प' येतो. हिंदी 'पत्थरफूल' व कन्नड 'कल्लुहूवु' यांची घडणही तीच. वस्तू ज्यावर वाढते त्यावरून तिची ओळख करावी, असा निर्णय आपल्या भाषांनी फार पूर्वी घेतला होता. युरोपातही लिनिअसने १७५३ साली सुमारे ८० जाती 'लिकेन' या एकाच प्रजातीत कोंबल्या. त्यांची पद्धतशीर फोड केली ती आकारियसने.

१८६६ साली नीलांडरने पालाशक्षार व विरंजक चूर्ण यांच्या थेंबाने होणारा रंगबदल हे जातिनिश्चितीचे साधन म्हणून पुढे आणले. १८६९ साली श्वेंडेनर याने ही वनस्पती एक नसून कवक व शैवल यांचे सहजीवन आहे, असे प्रतिपादन केले. मौज अशी की, रसायनाचा आधार घेणाऱ्या नीलांडरने हा सिद्धान्त अखेरपर्यंत मानला नाही! मराठी परिभाषेतील 'शैवाक' हा शब्द मात्र शैवल व कवक यांच्या जोडणीतून श्वेंडेनरचाच पक्ष घेतो. त्यावरही कडी म्हणजे आजच्या नामकरणसंहितेनुसार शैवाकाला दिलेले नाव त्यातील केवळ कवकाचे असते. शैवलाचे नाव वेगळे. एकाच वस्तूची ही तीन नावे म्हणजे वस्तुतः तीन निरनिराळे निवाडे होत.

खऱ्या अर्थाने पाषाणनिवासी असलेली कवचरूप शैवाके या तिन्हींतून निसटतात. बेसाल्टाच्या कातळाला ती इतकी घट्ट चिकटतात की, छिन्नीने दगडाची कपचीच काढावी लागते. ती मसाल्यात जात नाहीत, म्हणून त्यांना बाजारी नावही नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आजची आघारकर संशोधन संस्था) पटवर्धन, माखिजा आदींनी कवचरूप शैवाकांवर मोलाचे काम केले. परंतु थेलोट्रेमा, ट्रायपेथेलियम हे त्यांच्या अभ्यासातील गट मुख्यतः सालीवरचे. दगडावरील जातींसाठीही कसोट्या त्याच: फलांगाचा पातळ छेद, बीजाणूंतील कप्पे व रंग, तनुस्तर वर्णलेखनाने ओळखलेली आम्ले, आणि अलीकडे केंद्रकाम्लाचा क्रम. यांपैकी एका लक्षणातील फरकावर नवी जाती उभी करणे धाडसाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नवी जाती ठरली तरी तिचे वर्णन मराठीत करून चालत नाही. २०१२ पूर्वी लॅटिन वर्णन अनिवार्य होते. त्यानंतर लॅटिन किंवा इंग्रजी चालते. २०१३ पासून नावाची नोंदणीही आवश्यक झाली आहे. मराठीला शिरकाव मिळतो तो एकाच ठिकाणी, नमुन्याच्या चिठ्ठीवर. तेथे गावाचे, टेकडीचे, क्वचित खाणीचे नाव लिहिलेले असते, आणि त्यावरूनच पुढे जातीचे स्थानदर्शक विशेषण घडू शकते. परळचे 'परेल' व गिरगावचे 'गिरगाम' रोमन लिपीत कसे झाले हे ज्याला ठाऊक आहे, तो ही चिठ्ठी स्थानिक उच्चार विचारूनच लिहील.