शरीरघटनापालट

अंगावरची चरबी उतरत असतानाच स्नायू वाढणे, याला शरीरघटनापालट म्हणतात. वजनकाट्यावर फारसा फरक दिसत नाही, पण शरीर कशाकशाचे बनले आहे हे प्रमाण बदलते. जिममध्ये याला नुसते ‘रिकॉम्प’ म्हणतात. तिथला जुना रिवाज मात्र दोन टप्प्यांचा आहे: आधी भरपूर खाऊन ‘बल्किंग’, मग खाणे आवळून ‘कटिंग’. दोन्ही एकदम साधू पाहणारा दोन डगरींवर हात ठेवतो, असे तिथे सर्रास ऐकवले जाते. पुराव्यावरून पाहता हा पालट खरा आहे. मात्र तो किती होईल हे पावडरीच्या डब्यावर फारसे अवलंबून नसते. माणूस सुरुवात कुठून करतो यावर ते ठरते. या विषयावरचे बहुतेक वाद ‘होतो की नाही’ असे घातले जातात, आणि म्हणूनच ते मिटत नाहीत. एका अभ्यासात होतो आणि दुसऱ्यात होत नाही, कारण दोन्हींतली माणसे वेगळी, उपाशी राहण्याची मर्यादा वेगळी आणि मोजण्याची साधनेही वेगळी असतात.

पहिला आक्षेप ऊर्जेच्या हिशेबाचा. खर्चापेक्षा कमी खाल्ले तर शरीर आटणार, मग त्यात नवे काही बांधले कसे जाईल? वरवर बिनतोड वाटणारा हा आक्षेप चरबी आणि स्नायू यांची खाती एकच धरतो. एक किलो चरबीच्या ऊतीत साधारण 7,700 कॅलरी साठवलेल्या असतात. एक किलो स्नायूत मात्र जवळपास तीन चतुर्थांश पाणी आणि सुमारे 200 ग्रॅम प्रथिने असतात. त्यातली साठवलेली ऊर्जा चरबीच्या पाव हिश्श्याच्या आसपासच राहते. घर बांधताना विटा एकीकडून येतात आणि गवंड्याची मजुरी दुसरीकडून. तसेच स्नायूचा माल आहारातल्या प्रथिनांतून येतो आणि बांधकामाचा खर्च साठलेल्या चरबीतून भागू शकतो. म्हणजे ऊर्जेचा नियम मोडत नाही. तरीही आक्षेपात तथ्याचा अंश आहे. ऊर्जेची तूट मोठी झाली की शरीर नवे बांधकाम स्वतःहून मंदावते. वजनी व्यायामाच्या चाचण्या एकत्र करून मर्फी आणि कोहलर यांनी 2022 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात रोजची तूट 500 कॅलरींच्या घरात गेली की चरबीविरहित वस्तुमानातली सरासरी वाढ शून्यावर येते, असे दिसले. ताकद मात्र तुटीतही वाढत राहिली. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा असूनही फारसा सांगितला जात नाही.

मग याच्या उलट दिसणाऱ्या प्रयोगाचे काय? कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातला 2016 सालचा प्रयोग या विषयावर सर्वांत जास्त सांगितला जातो आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात वजन जास्त असलेले 40 तरुण घेतले होते. चार आठवडे त्यांना गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के कमी ऊर्जेचा आहार दिला आणि आठवड्यातले सहा दिवस वजने उचलणे आणि दमछाक करणारे तीव्र व्यायाम करून घेतले. निम्म्यांना शरीराच्या दर किलोमागे रोज 1.2 ग्रॅम प्रथिने मिळाली, निम्म्यांना 2.4 ग्रॅम. जास्त प्रथिनांच्या गटात चरबीविरहित वस्तुमान सरासरी 1.2 किलोने वाढले आणि चरबी 4.8 किलोने घटली. दुसऱ्या गटात हेच आकडे 0.1 आणि 3.5 असे होते. तूट 500 कॅलरींहून कितीतरी मोठी असूनही वाढ झाली, मग मर्फी-कोहलर चुकले का? नाही. त्यांचा आकडा अनेक चाचण्यांतून निघालेली सरासरी रेषा आहे. मॅकमास्टरमधली मुले त्या रेषेच्या सोयीच्या टोकाला होती: तरुण, चरबीचा साठा भरपूर, असल्या तालमीची सवय नाही, आणि आहार संशोधकांनीच पुरवलेला. दुसऱ्या गटाकडेही नीट पाहिले पाहिजे. एवढ्या उपासमारीत त्यांनी स्नायू वाढवले नाहीत, पण गमावलेही नाहीत, आणि त्यांची 1.2 ग्रॅम प्रथिनेही सामान्य शिफारशीपेक्षा वरच होती. वजने उचलण्याचा वाटा यात फार मोठा दिसतो. बातम्यांत मात्र प्रथिनांचेच नाव झाले. हा कार्यक्रम फार खडतर आहे आणि कायम निभावण्याजोगा नाही, असे प्रयोग करणाऱ्यांनीच त्या वेळी सांगितले होते.

‘हे सगळे नवख्यांचे; कसलेल्याला असे काही होत नाही’, हा दुसरा आक्षेप. त्यावर नॉर्वेतील गार्थे आणि सहकाऱ्यांचा 2011 मधला अभ्यास उपयोगी पडतो. त्यात उच्च दर्जाचे खेळाडू होते. एका गटाने आठवड्याला वजनाच्या 0.7 टक्के, तर दुसऱ्याने 1.4 टक्के या गतीने वजन उतरवायचे, आणि दोघांनीही नेहमीच्या सरावात वजनी व्यायामाची चार सत्रे घालायची. सावकाश उतरणाऱ्यांचे चरबीविरहित वस्तुमान सुमारे 2 टक्क्यांनी वाढले; घाई करणाऱ्यांचे जागच्या जागी राहिले. म्हणजे मुरलेल्या खेळाडूलाही वाव असतो, फक्त तो अरुंद असतो आणि तुटीची गती त्याला लवकर बुजवते. हे खेळाडू आपापल्या खेळात तरबेज असले तरी स्नायू वाढवण्याच्या तालमीत सगळेच मुरलेले होते असे नाही. स्पर्धेच्या मंचावर उतरणारा, आधीच अंगावर चरबी नसलेला शरीरसौष्ठवपटू ही वेगळी जात. त्याच्यासाठी बल्किंग-कटिंगचा जुना रिवाज आजही वेडगळ ठरत नाही.

इथे मोजमापाचा प्रश्न येतो, आणि पोषणाचे संशोधन वाचणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. वर वारंवार ‘चरबीविरहित वस्तुमान’ हा बोजड शब्द आला, तो मुद्दाम. अभ्यास स्नायू क्वचितच मोजतात. चरबी वगळून उरलेले सगळे मोजतात. त्यात पाणी आहे, यकृत आहे, स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन आहे. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. त्यामुळे आदल्या दिवशी भात-पोळी सोडलेला माणूस शरीराची घटना मोजणाऱ्या डेक्सा यंत्राखाली झोपला तर त्याचे ‘स्नायू’ घटलेले दिसतील आणि दोन दिवस पोटभर जेवल्यावर तेच परत आलेले दिसतील. क्रिएटीन हे पूरक सुरू करणाऱ्याचे पहिल्या आठवड्यातले वाढलेले किलोही बरेचसे पाणीच असते. जिममध्ये अनवाणी उभे राहून मोजायचा काटा तर पायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो. तांब्याभर पाणी प्यायले तरी त्याचे उत्तर हलते. महिन्याभरात मिळवलेला अर्धा किलो स्नायू मोजमापातल्या या चुकीच्या मर्यादेतच मावून जातो.

म्हणून फार मोठा आकडा दिसला की आनंद होण्याआधी शंका यावी. शंकेसाठी चांगला मापदंड 1996 मध्ये भसीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत करून ठेवला आहे. 43 पुरुषांपैकी ज्यांना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली आणि व्यायामही करवला, त्यांचे चरबीविरहित वस्तुमान सरासरी 6.1 किलोने वाढले. 2014 मध्ये एचएमबी नावाच्या पूरक पदार्थाच्या एका अभ्यासाने आधीपासून व्यायाम करणाऱ्यांत बारा आठवड्यांत 7.4 किलोची वाढ नोंदवली. दुकानात मिळणारी गोळी संप्रेरकाच्या भरघोस मात्रेलाही मागे टाकते, यावर विश्वास ठेवायचा तर पुरावाही तितकाच भक्कम हवा. इतर संशोधकांनी त्या आकड्यांवर जाहीरपणे शंका घेतल्या, त्या योग्यच होत्या.

या क्षेत्राच्या आणखी दोन दुखण्यांचा उल्लेख करायला हवा. पहिले, लोकांनी सांगितलेल्या आहारावर भरवसा. 1992 मध्ये लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या स्थूल व्यक्ती तपासल्या. त्या व्यक्तींनी खाल्लेले सरासरी 47 टक्के कमी आणि केलेले श्रम 51 टक्के जास्त सांगितले होते. ते खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही. माणसाची आठवण अशीच चालते. पण आहाराच्या डायरीवर उभ्या असलेल्या अभ्यासाचे वजन यामुळे निम्मे होते. दुसरे दुखणे सरासरीचे. 2005 मधल्या एका मोठ्या अभ्यासात 585 स्त्री-पुरुषांनी एकाच हाताला बारा आठवडे सारखाच व्यायाम दिला. दंडाच्या स्नायूच्या आकारातला फरक वजा 2 टक्क्यांपासून 59 टक्क्यांपर्यंत पसरलेला निघाला. सरासरी खरी असली तरी ती कोणा एकाची नसते. प्रथिनांच्या प्रसिद्ध आकड्याचेही असेच झाले आहे. मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 49 चाचण्या आणि 1,863 जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा दर किलोमागे रोज 1.62 ग्रॅमच्या पुढे जादा प्रथिनांचा फायदा थांबलेला दिसला. या अंदाजाची अनिश्चितता मात्र 1.03 ते 2.20 इतकी रुंद आहे. जिममध्ये नियमासारखा सांगितला जाणारा 2.2 हा त्या पट्ट्याचा वरचा काठ, आणि पूरक प्रथिनांनी त्या चाचण्यांत मिळालेली सरासरी भर सुमारे 0.3 किलो.

हा विषय पिळदार तरुणांचा छंद वाटत असेल, तर पुण्याचे संशोधन वाचावे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. भारतीय माणूस दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त असतो, हे पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता-बालक अभ्यासात नवजात अर्भकांतही आढळले. अशा शरीराला ‘वजन कमी करा’ हा सल्ला अपुरा पडतो, कधी उलटाही, कारण नुसत्या उपासाने आधीच तुटपुंजे असलेले स्नायूही जातात. काटा जागचा न हलवता प्रमाण बदलणे हीच त्याची गरज, आणि अशा नवख्या शरीराला पालटाचा वावही सर्वाधिक असतो.

आहाराचा हिशेब करून पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस दर किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅम. चार पोळ्या, दोन वेळचे वरण, भात, भाजी आणि पेलाभर दूध मिळून कसेबसे 45 ग्रॅम भरतात. 1.6 ग्रॅमच्या हिशेबाने 96 लागतील. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 26, दोन अंड्यांतून 12 आणि पाव किलो दह्यातून 8 ग्रॅम घेतले तर पावडरीच्या डब्याशिवाय तिथवर जवळपास पोचता येते. शेंगदाण्यांवर मात्र भिस्त ठेवू नये: त्यांत प्रथिने चौथाई असली तरी तेल निम्मे असते, आणि 96 ग्रॅम प्रथिने त्यांतून काढायची तर दोन हजारांहून अधिक कॅलरी पदरात पडतात. जास्त प्रथिनांनी मूत्रपिंड बिघडते, ही भीती निरोगी माणसाच्या बाबतीत चाचण्यांत खरी ठरलेली नाही. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे त्याची गोष्ट वेगळी, आणि ते दुबळेपण बराच काळ लक्षणांशिवाय राहते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी ताटातली प्रथिने वाढवण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे.