मिशा गल्लीचा शिक्का

पोलंडचे नाव निघाले की आपल्याकडे, विशेषतः कोल्हापूरकरांना, वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट रशियाने सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलून दिलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुसंख्य बायका व मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथे आसऱ्याला होती. ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. पण दैवाचा खेळ असा, की युद्धानंतर खुद्द पोलंडात ती मोकळेपणी छापण्याची सोय उरली नव्हती. तेथले कम्युनिस्ट राज्य मॉस्कोच्या आधाराने उभे होते आणि या माणसांना घराबाहेर काढले कोणी, हे सांगणे म्हणजे मॉस्कोकडे बोट दाखविणे होते. ज्या देशात स्वतःच्या आजीची गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही, तेथल्या पोरांनी गाणे कसे म्हटले, ते आज मला सांगावयाचे आहे. गाणे तसे कर्कश आहे. सणासुदीच्या वाचनात एवढा तिखट पदार्थ वाचकांनी चालवून घ्यावा.

वॉर्सा शहरात एक लहानसा रस्ता आहे. त्याचे नाव मिशा. मिशा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पीळ आणि रुबाब येतो. पोलिश भाषेत मात्र त्याचा अर्थ उंदराची गल्ली! या गल्लीत सरकारी नियंत्रण कचेरी होती. वर्तमानपत्र, पुस्तक, नाटक, भिंतीवरचे जाहिरातपत्रक, इतकेच काय पण व्यासपीठावर म्हणावयाचे गाणेसुद्धा या खात्याच्या शिक्क्यावाचून लोकांपुढे येत नसे. १९७७ मध्ये या खात्याच्या क्राकूव्ह येथील शाखेतला एक नोकर, तोमाश स्त्शिझेव्स्की, आतल्या गुप्त सूचनांच्या नकला घेऊन स्वीडनला निसटला. त्या छापून निघाल्या तेव्हा कोणत्या विषयाचा उच्चार होऊ द्यावयाचा नाही, याची लांबलचक यादीच जगाला वाचावयास मिळाली. १९४० मध्ये कात्यिनच्या रानात झालेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीचा दोष रशियावर येऊ द्यावयाचा नाही, असा दंडकही तीत होता.

१९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी संप करून 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र संघटना उभारली आणि थोडे दिवस देशाने मोकळा श्वास घेतला. परंतु १३ डिसेंबर १९८१ च्या पहाटे जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. रस्त्यांवर रणगाडे आले, रात्रीची संचारबंदी आली, टेलिफोन मुके झाले. पुढे ते सुरू झाले, तेव्हा बोलणाऱ्याच्या कानात आधी एक आवाज येई : संभाषणावर नियंत्रण चालू आहे. दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणारे निवेदक लष्करी गणवेश घालून बसत. दुकानांत माल नव्हता, आणि जो होता तो चिठ्ठीवर.

त्याच वर्षी वॉर्सातल्या काही शाळकरी वयाच्या मुलांनी एक वाद्यवृंद काढला होता. वाद्यवृंद हा शब्द मी नाइलाजाने वापरतो. गिटार, बास, ढोल आणि एक ओरडणारा गळा, एवढाच त्यांचा संसार. या संगीताला पंक म्हणतात. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये ते गाजू लागले आणि त्याचे मुख्य तत्त्व असे, की तीन सूर वाजविता आले की पुरे, उस्तादाची परवानगी लागत नाही. आपल्या घरातल्या आजोबांनी ते ऐकले तर दाराला कडी घालतील. पण ज्या देशात प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते, तेथे 'परवानगी लागत नाही' या वाक्याला केवढा अर्थ येतो, हेही आजोबांच्याच लक्षात सर्वांआधी येईल.

क्शिश्तोफ ग्राबोव्स्की ढोल वाजवी आणि गाणी लिही. रॉबर्ट मातेराच्या हाती गिटार, दारिउश स्तेपनोव्स्कीच्या हाती बास, आणि गाणारा दारिउश हायन. संघाचे पहिले नाव होते 'एस. एस. २०'. हे सोव्हिएट क्षेपणास्त्राचे नाव! अशा नावाने सरकारी सभागृह कोण देणार? १९८२ मध्ये त्यांनी नाव बदलले आणि 'डेझर्टर' केले, म्हणजे फौज सोडून पळालेला शिपाई. साऱ्या देशाला फौजेने वेठीस धरले असताना हे नाव घ्यावयाचे, यालाही छाती लागते.

आता प्रश्न असा, की यांच्या गाण्यांवर शिक्का उमटलाच कसा? मला वाटते, येथेच या गोष्टीचे मर्म आहे. नियंत्रकापुढे येई तो कागद. कागदावर शब्द असतात, आवाज नसतो. ग्राबोव्स्कीने सरकारला शिव्या दिल्या नाहीत; त्याने सरकारचीच भाषा उचलली. १९८३ मध्ये 'टोनप्रेस' या सरकारी कंपनीने त्यांची चार गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली. एका गाण्याचे नाव 'भविष्याकडे', दुसऱ्याचे 'शिपायाला विचारा'. दोन्ही नावे शाळेच्या भिंतीवर रंगविण्याजोगी! दुसऱ्या गाण्यातला उपदेशही साळसूद आहे : खरे काय ते जाणून घ्यावयाचे तर पोलिसाकडे जावे. कागदावर त्यात आक्षेपार्ह असे काय आहे? पण लाठीचा मार खाल्लेला पोरगा तोच उपदेश घसा फोडून सांगू लागला, की ऐकणाऱ्याला दुसरे स्पष्टीकरण नको असे. रोज रेडिओवर ऐकलेली खोटी भाषा या पोरांनी मोठ्याने वाचून दाखविली, आणि तेवढ्यानेच ती उघडी पडली.

पोलंडच्या पश्चिम भागात यारोचिन नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९८० पासून दर उन्हाळ्यात तरुण संगीताचा अखिल पोलिश मेळा भरू लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याला सुमारे २०,००० तरुण येत. डेझर्टरने १९८४ साली तेथे केलेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिफिती पुढे हातोहात देशभर फिरल्या. सरकारने हा मेळा चालू कसा दिला, याविषयी पोलंडात पुष्कळ वाद झाला आहे. कित्येकांच्या मते ती कुकरची शिट्टी होती : पोरांना तीन दिवस माळावर ओरडू द्यावे, म्हणजे ती शहरात दगड उचलणार नाहीत. गुप्त पोलीस मात्र निर्धास्त नव्हते. त्यांनी मेळ्यातल्या तरुणांची गुपचूप छायाचित्रे घेतली, आणि २००४ मध्ये त्यांचेच पुस्तक निघाले. पाळतीसाठी टिपलेले ते चेहरे आज त्या पिढीची आठवण म्हणून पाहिले जातात.

शिट्टीचा हा आरोप हलका नाही. सरकारी कंपनीची ध्वनिमुद्रिका, सरकारी परवान्याचा मेळा; मग हे बंड कसले? माझ्या समजुतीप्रमाणे ही बोचणी त्या पोरांनाही होती. १९८७ मध्ये त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका पोलंडात निघाली, तिचे नाव 'कोलाबोरात्सिया', म्हणजे शत्रूशी केलेली फितुरी. नाझी अंमल सोसलेल्या पोलंडात याहून जहरी शिवी नव्हती. नियंत्रकाने काही शब्द खोडले, तेव्हा त्यांच्या जागी सौम्य शब्द आले नाहीत. तेथे नुसता 'पीप्' असा आवाज आला. ती तबकडी ऐकताना मला त्या आवाजाने जितके अस्वस्थ केले, तितके ढोलाने केले नाही. तो कोणत्याच भाषेतला नाही, म्हणून साऱ्या भाषांत समजतो. येथे कोणाचे तरी तोंड दाबले आहे, हे सरकारच्या परवानगीनेच घरोघर ऐकू गेले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या 'मॅक्सिमम रॉकनरोल' या नियतकालिकाने त्यांची गाणी काटछाटीवाचून अमेरिकेत प्रसिद्ध केली.

या गाण्यांनी राज्य उलथले, असे मी म्हणणार नाही. ते काम गोदीतल्या कामगारांचे, कोसळलेल्या अर्थव्यवस्थेचे, चर्चच्या आधाराचे आणि मॉस्कोत बदललेल्या वाऱ्याचे. ४ जून १९८९ रोजी निवडणूक झाली, तीत सॉलिडॅरिटीने जेवढ्या जागा लढविण्याची मुभा होती, त्यांतली एक सोडून सर्व जिंकल्या. १९९० मध्ये मिशा गल्लीतली कचेरी कायद्याने बंद झाली.

परंतु राज्य बदलते त्या दिवशी लोकांच्या तोंडी आपली भाषा शिल्लक असावी लागते. चाळीस वर्षे 'शांतता', 'प्रगती', 'भविष्य' हे शब्द खोटे बोलण्यासाठी वापरले गेले, की ते चांगले शब्दही माणसे टाकून देतात, आणि मग खरे बोलावयाचे कशाने? डेझर्टरच्या पोरांनी ते शब्द टाकले नाहीत. त्यांनी ते उचलले, आपटले, त्यांच्यावरची सरकारी कल्हई काढली. कल्हई काढताना भांड्याचा आवाज होणारच; तो कानाला गोड लागावा, ही अपेक्षा मी तरी करीत नाही.