अर्धा गुण

२०२४ साली पुण्याच्या डायना पुंडोले यांनी मोटार शर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. दोन मुलांची आई, आणि असं पद मिळवणारी पहिली भारतीय बाई. ती बातमी वाचली तेव्हा मला लेला लोंबार्डी आठवली. आज तिचीच गोष्ट सांगते.

लेला इटलीतल्या फ्रुगारोलो या गावची, जन्म १९४१चा. वडील खाटीक. दुकानाचं मटण पोचवायची गाडी ही चालवायची, तिथंच हात बसला. गाडी चालवणारी बाई म्हटलं की आपल्याकडे अजून माना वळतात. तिकडेही तेव्हा फार वेगळं नव्हतं. तरी ती थेट फॉर्म्युला वनपर्यंत पोचली. अतिशय वेगवान गाड्यांची ही शर्यत. तिच्या एकेका सामन्याला ग्रां प्री म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये 'मोठं बक्षीस'. पहिले सहा येतील त्यांनाच तेव्हा गुण मिळायचे. सहाव्याला एक.

२७ एप्रिल १९७५. स्पेनमधलं बार्सिलोना शहर. शर्यत बागेतल्या रस्त्यांवर, मोंजुइक नावाच्या टेकडीवर. चांदसैली घाटात वळणाला लोखंडी कठडे असतात ना, तसे तिथे रस्त्याच्या कडेला लावले होते. चालकांनी जाऊन पाहिलं तर कठड्यांचे बोल्ट धड आवळलेलेच नाहीत! त्यांनी सरावाला गाड्या काढायला नकार दिला. मग संघांचे मिस्त्री स्वतः पाने घेऊन बोल्ट आवळत बसले. आयोजकांचा धाक वेगळाच: शर्यत केली नाहीत तर गाड्या जप्त होतील. 'सगळं ठीक आहे' असं वरून सांगितलं की ते कितपत ठीक असतं, हे मणिबेलीच्या बायांना मी काय सांगायचं.

आदल्या वर्षीचा विजेता एमर्सन फिटिपाल्डी शर्यतीला उतरलाच नाही. निघून गेला. बाकीचे उतरले, लेलाही उतरली. कुणी म्हणेल, तिनंही नाही म्हणायचं होतं. मला तसं म्हणवत नाही. विजेता निघून गेला तरी त्याची जागा त्याचीच राहते. दुसऱ्याच्या पैशावर गाडी मिळालेल्या बाईनं एकदा नाही म्हटलं, तर पुन्हा तिला कोण बोलावणार?

सव्विसाव्या फेरीला रोल्फ श्टोमेलेन सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या गाडीचा मागचा पंख तुटला. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पत्रा असतो, त्याला पंख म्हणतात. गाडी कठड्यावर आपटली, उडाली आणि पलीकडे उभ्या माणसांवर गेली. काही जणांचा जीव गेला. श्टोमेलेन वाचला, पण हाडं मोडली. गाड्या मात्र लगेच थांबल्या नाहीत, आणखी काही फेऱ्या फिरतच राहिल्या. मला हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

७५ फेऱ्यांची शर्यत २९व्या फेरीला थांबवली. जर्मनीचा योखेन मास पहिला. लेला दोन फेऱ्या मागे होती, तरी सहावी. शर्यत अर्ध्यावरच थांबली म्हणून सगळ्यांना गुण अर्धेच. सहाव्याचा एक, त्याचा अर्धा.

त्या टेकडीवर पुन्हा ग्रां प्री झाली नाही.

तिच्याआधी १९५८ साली इटलीच्याच मारिया तेरेसा दे फिलिपीस या शर्यतीत उतरल्या होत्या, पण त्यांना गुण मिळाला नव्हता. लेलानंतर आजवर एकाही बाईला मिळालेला नाही. पन्नास वर्षं झाली, बायांच्या नावावर तो अर्धाच आहे.

१९७६ नंतर लेलाला ग्रां प्रीत गाडी मिळाली नाही. ती तासन् तास चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यती चालवत राहिली, त्यात जिंकलीही. १९९२च्या मार्चमध्ये कर्करोगानं गेली. वय पन्नास.