लंबकाची साक्ष

जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणारांस एक गोष्ट नित्य अनुभवास येते. एखाद्या लेखकाच्या हातून सुटलेलें अक्षर दुसऱ्या प्रतींत सांपडतें. परंतु मूळ प्रतींतच अशुद्ध पाठ शिरला असेल, तर तिच्यावरून उतरलेल्या शंभर प्रती तोच पाठ एकमुखानें सांगतात. आंकड्यांच्या साधनांसही हाच न्याय लागू आहे.

पडणारा पदार्थ पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर खालीं येतो. हा काल मोजणारें घड्याळ दर खेपेस सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकें उशिरा सुरू झालें, तर गुरुत्वाचें मान सुमारें दोन टक्के अधिक येतें. हजार खेपांची सरासरी काढली तरी ही चूक जात नाहीं. निरनिराळ्या उंचींवरून पदार्थ सोडला तरच ती उघडकीस येते. लंबकाचे हजारों झोके मोजतां येत असल्यामुळें आरंभींची ही चूक त्यांत वांटली जाऊन नगण्य होते. म्हणून पूर्वीचे मोजणीदार लंबकावरच भिस्त ठेवीत.

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणींत कॅप्टन बसेव्ही यांनीं १८६५ पासून रॉयल सोसायटीचे लंबक निर्वात पेटींत झुलविले. १८७१ सालीं लडाखांतील मोरे पठारावर हें काम चालू असतांच त्यांस मृत्यु आला. पुढें हेविसाइड यांनीं तें पुरें केलें. मुंबईस कुलाबा येथेंही लंबक झुलविले गेले. सर्व हकीकत १८७९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली.

परंतु लंबक स्वतः झुलतांना आपल्या घडवंचीसही किंचित् झुलवितो. तेणेंकरून झोका लांबतो व गुरुत्व कमी भासतें. अमेरिकेचे चार्ल्स पर्स यांनीं हा दोष १८७७ च्या सुमारास यूरोपांतील विद्वानांपुढें मांडला. १९०३-०४ च्या सुमारास लेनॉक्स-कनिंगहॅम यांनीं नवे, आंखूड लंबक आणून आधाराचा हेलकावाही मोजला. तेव्हां डेहराडून येथील मान जुन्या मानाहून सुमारें ०.१ सेंटिमीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद इतकें अधिक निघालें. सेकंदाच्या लंबकास हा फरक म्हणजे दिवसाच्या ८६,४०० झोक्यांत अवघे चार झोके.

तरी तो क्षुल्लक नव्हे. डोंगराचें आकर्षण वगळल्यास, मुळशीच्या जलाशयाच्या कांठाहून ३०० मीटरांवर उंच चढलें असतां गुरुत्व जितकें घटतें, तितकी ही चूक आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं गुरुत्वाची जी मोठी तूट जुन्या आंकड्यांत दिसत होती, तिचा कांहीं अंश पृथ्वीचा नसून उपकरणाचा होता.

बसेव्ही यांच्या दक्षतेस ह्यामुळें बाध येत नाहीं. त्यांनीं मोजलें तें काळजीपूर्वक मोजलें. जें मोजावयाचें हेंच त्या वेळीं ठाऊक नव्हतें, तें राहिलें. पण उष्णमान, हवेचा दाब, स्थळ व घडवंची यांची टिपणें पाठीमागें राहिलीं, म्हणून पुढील पिढीस जुन्या आंकड्यांची फेरतपासणी करतां आली. संग्राहकांनीं ह्यावरून इतकाच बोध घ्यावा कीं, शेवटचा आंकडा छापून निघाला म्हणून मोजणीदाराची कच्ची वही रद्दींत टाकूं नये. आंकडा साक्ष देतो. ती साक्ष कितपत ग्राह्य, हें ती वहीच सांगते.