हाताजोगे पिस्तूल

दिवाळी आणि पिस्तूल यांचे नाते आपल्याकडे टिकल्यांच्या लाल पट्टीपुरते असते. खेळण्यांच्या दुकानात बाप विचारतो, 'कुठले हवे?' आणि मुलगा सर्वांत चकचकीत असेल त्याच्याकडे बोट दाखवतो. मीही पिस्तुलाची पारख इतकीच जाणत होतो. गेल्या भाऊबीजेला कोल्हापुरी बहिणीकडे गेलो, तेव्हा ती पारख चुकीची असल्याचे कळले.

माझी भाची नेमबाजी शिकते. कोल्हापुरात ह्याचे आता कुणाला नवल वाटत नाही. राही सरनोबत ह्याच गावची, आणि 2018 साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक तिने आणल्यापासून कित्येक आयांनी आपल्या मुलींना ह्या वाटेला लावले. पण आमची पोर त्या दिवशी फराळाच्या ताटासमोर तोंड पाडून बसली होती. "मामा, मला हे जमणारच नाही," म्हणाली. का, ते विचारले तर सरावाच्या ठिकाणचे पिस्तूलच हातात बसत नाही, असे उत्तर आले. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मास्तराच्या जिभेवर अगदी तयार असते. सुदैवाने मी ती गिळली.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो आणि ते पिस्तूल जवळून पाहिले. नळी लहानशी, पॉइंट टू-टूची. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. पण तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. म्हणून त्याला अर्धस्वयंचलित म्हणायचे. हे सारे ठीक. पण माझी नजर खिळली ती मुठीवर. ती लाकडी मूठ तळहाताच्या खळग्यांप्रमाणे कोरलेली होती, अंगठ्याला निराळा कट्टा, करंगळीखाली आधार. आणि ती कोरलेली होती उजव्या हातासाठी. आमची पोर डावखुरी.

आता मूळ गोष्ट सांगतो. हंगेरीच्या सैन्यात कारोय टाकाच नावाचा एक सार्जंट होता. पिस्तुलात पटाईत; पण 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याला घेतले नाही, कारण तो मान फक्त अधिकाऱ्यांचा. तिथे जर्मनीच्या नेमबाजांनी वॉल्थर कारखान्याची खास ह्या खेळासाठी बनवलेली पिस्तुले आणली होती, आणि पहिली दोन्ही पदके त्यांनीच नेली. पुढे हंगेरीचा तो नियम सैल झाला, तोवर 1938 साल उजाडले. सरावात एक सदोष हातबाँब टाकाचच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने तो नेम धरी, तो हात गेला.

महिनाभर तो इस्पितळात होता. बाहेर आल्यावर कुणालाही न सांगता त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला. 1939 साली राष्ट्रीय स्पर्धेच्या मैदानावर तो दिसला, तेव्हा सोबत्यांना वाटले, बिचारा आपला खेळ पाहायला आला आहे. तो खेळायला आला होता, आणि जिंकून गेला.

नंतर महायुद्ध. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिके झालीच नाहीत. 1948 साली लंडनला पोचला तेव्हा टाकाच अडतीस वर्षांचा होता. हा प्रकार तेव्हा मोठा निर्दय होता. पंचवीस मीटरवर पाच पुतळे एका ओळीत उभे असत. हात खाली धरून थांबायचे, आणि पुतळे वळले की हात उचलून पाचांवर एकेक गोळी. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. चार सेकंदांत मूठ सावरायला वेळ कुठला? हात वर येतानाच माशी डोळ्यासमोर सरळ उभी राहिली पाहिजे. त्या वेळचा जगज्जेता, अर्जेंटिनाचा साएन्स व्हालियेन्ते, ह्याने टाकाचला विचारले म्हणे, तू इथे कशाला आलास? टाकाच म्हणाला, शिकायला. साठ गोळ्यांत सहाशेपैकी 580 गुण, जागतिक उच्चांक आणि सुवर्णपदक, असे ते शिकणे झाले. 1952 ला हेलसिंकीत त्याने पुन्हा सुवर्ण जिंकले, आपल्याच देशाच्या कून नावाच्या तरुणाला एका गुणाने मागे टाकून.

ह्याच सुमारास रशियात मिखाईल मार्गोलिन नावाचा एक कारागीर पिस्तूल घडवत होता. अठराव्या वर्षी डोक्याला जखम होऊन त्याची दृष्टी गेली होती. आंधळ्याने पिस्तूल घडवायचे म्हणजे काय? तो मेण, चिकणमाती, लाकूड ह्यांचे नमुने हाताने करी, चाचपून दुरुस्त करी आणि आराखडे दुसऱ्यांना तोंडी सांगून काढून घेई. त्याच्या पिस्तुलात मागची माशी वरच्या सरकत्या भागावर बसवलेली नाही. ती स्थिर कमानीवर असते आणि सरकता भाग तिच्याखालून ये-जा करतो. प्रत्येक गोळीमागे सारे पिस्तूल हालते, पण नेम धरायची खूण जागची हलत नाही. ज्याला माशी दिसत नव्हती, त्याला हे सुचावे, ह्याचा मी अजून विचार करतो आहे.

1956 साली मेलबर्नला रशियाच्या चेर्कासोव्हने मार्गोलिनच्याच पिस्तुलावरून बनवलेले उलटे पिस्तूल आणले. त्यात नळी हाताच्या रेषेत खाली उतरवली होती, म्हणजे धक्का बसला तरी तोंड वर उसळत नाही. त्याला रौप्यपदक मिळाले. पण पुढे असल्या पिस्तुलांवर बंदी आली. नळीची रेषा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे, असा नियम झाला. आज पिस्तूल तीनशे बाय दीडशे बाय पन्नास मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते, वजन 1400 ग्रॅमच्या आत असावे लागते, आणि चाप निदान एक किलोच्या दाबाचा लागतो. मुठीचा आकार मात्र हे बंधन सांभाळून ज्याचा त्याने ठरवावा. दुकानातले सर्वांत महाग पिस्तूलदेखील, मूठ घासूनपुसून आपल्या हाताची होईपर्यंत, परकेच असते.

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मला मात्र राहून राहून आठवत होते, की ती पाच वर्षांची असताना ह्याच मामाने सुट्टीत पाटी समोर ठेवून तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढली होती. एकदा नव्हे, रोज. आपण पुण्य करतो आहोत, अशा थाटात.

बहिणीची ओवाळणी झाल्यावर उरले होते ते पैसे मी डाव्या हाताच्या मुठीसाठी दिले. पावतीवर तिने सही केली, ती उजव्या हाताने, मी गिरवून घेतलेल्या वळणदार अक्षरांत. मूठ आली ती थोडी जाड निघाली. आता ती संध्याकाळी अंगणात बसून कानशीने ती घासते, मधूनच डाव्या हातात धरून डोळे मिटते, आणि पुन्हा घासायला लागते.