लग्नाची चाल, देवाचे शब्द



गटाच्या कार्यक्रमासाठी प्रार्थना बसवताना एक वाद हमखास निघतो. कुणी लग्नातली चाल सुचवते, तर एखादी मावशी म्हणते, "देवाचं नाव नाचाच्या चालीवर शोभत नाही." हा वाद चारशे वर्षांहून जुना आहे.

१५६२ मध्ये इंग्लंडात बायबलमधली दीडशे स्तोत्रं लोकांच्या भाषेत, पद्यात छापून आली. बहुतेकांचं माप सोपं: एका ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा. गावातल्या कितीतरी गाण्यांचंही हेच माप, म्हणून स्तोत्राचे शब्द त्या चालींत सहज बसत. याची थट्टाही झाली. शेक्सपिअरच्या नाटकातली एक बाई लबाड पुरुषाबद्दल म्हणते की, त्याच्या बोलण्यावागण्याचा मेळ शंभराव्या स्तोत्राला 'ग्रीनस्लीव्ह्ज'ची चाल लावण्याइतकाच आहे.

त्याच इंग्लंडातले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मराठी शिकले. बायबलची कथा सांगायला त्यांनी आपली ओवी निवडली. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं ते कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी.

आपल्या वसईत चर्चमधला मिस्सा लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो मराठीत आला. पण त्याआधीही लग्नघरात बायका आपल्या सामवेदी, वाडवळी बोलीत गातच होत्या. बोली टिकली ती त्यांच्या गळ्यात.

मावशीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चाल आपल्यासोबत जुनी आठवण घेऊन येते. पण त्या आठवणीमुळेच शब्द चटकन तोंडी बसतात. जिला वाचता येत नाही, तीही पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर गाऊ शकते. गटाला याहून मोठं काय हवं?

आता जाती गेली, लग्नात डीजे आला. चाल कागदावरच्या शब्दांतून कळत नाही, ती ऐकावी लागते. म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की गटातल्या सर्वांत वयस्कर बाईला दोन गाणी म्हणायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिच्या परवानगीनं, तिच्या नावासकट. शब्द कुठले बसवायचे, ते मग सावकाश ठरवू.